नावं टाकलेले ग्लास

पाटोळे बाईंना एक खोड होती. कुठल्याही वस्तूवर नाव दिसलं की त्या थांबून मोठ्याने वाचायच्या. मारुतीच्या देवळातल्या पंख्याची पाती, एसटीच्या थांब्यावरचं बाकडं, ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी, कुठेही 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असं असलं की बाई उभ्या. पंखा फिरत असेल तर बंद करायला लावायच्या. वाचून झालं की जवळच्या माणसाला विचारायच्या, "कोण होते हो हे?" सांगणारा भेटला की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

आमच्या शाळेत त्या हजर झाल्या त्या दिवशी ऑफिसातल्या घड्याळापाशी थांबल्या. "कै. सखाराम यांच्या स्मरणार्थ," त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, हे सखाराम कोण?" मी त्या शाळेत सहा वर्षं होतो. रोज त्याच घड्याळाकडे बघून घंटा द्यायला सांगत होतो. नाव कधी वाचलं नव्हतं. म्हणालो, "असतील कुणीतरी." दुपारी बाईंनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून सखारामची सगळी कुळकथा काढली. तो विहिरी खणायचा आणि शाळेच्या भिंतीचे दगड त्याने स्वतःच्या गाडीतून आणले होते. बाईंनी हे मला येऊन सांगितलं. मी बरं म्हणालो.

त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. माझी बायको सुनंदा जाऊन वर्ष होत आलं होतं. दुःख म्हणावं तर तेही धड नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीतरी. माझं पुराण इथे लावायचं नाही, पण पुढचं सगळं घडलं तेव्हा मी असा होतो, म्हणून एवढं सांगून ठेवतो.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. कांदा, ज्वारी आणि दूध. शाळा सातवीपर्यंत, शिक्षक चार. बाई रोज भिंगारहून स्कूटीवर यायच्या, तासाभराचा रस्ता. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने बारीक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वडील तिथल्या छावणीत माळी होते. नवरा तरुणपणीच वारला, मुलगा पुण्याला नोकरीला. रविवारी चर्च चुकवायच्या नाहीत, आणि गावात सप्ताह असला की पंगतीत वाढायलाही उभ्या. पहिल्याच आठवड्यात एका आजीने विचारलं, "बाई, तुमी कुनातल्या?" बाई म्हणाल्या, "ख्रिस्ती आहे आजी. भूक मात्र तुमच्यासारखीच लागते." आजीने भाकरी पुढे केली आणि चौकशी तिथेच संपली.

गळा अगदी वाईट. प्रार्थनेला त्या पुढे उभ्या राहिल्या की पहिलीची पोरं एकमेकांकडे बघायची. तरी हौस दांडगी, मागे हटायच्या नाहीत. डब्यात मीठ-तिखट लावलेले पेरू असायचे आणि ते वाटल्याशिवाय त्यांना जायचे नाहीत. पोरांना 'लेकरांनो' म्हणायच्या, हात कधी उगारला नाही. पण त्यांचं एक वाक्य होतं, त्याने मला वैताग यायचा. कुणी कसलीही वाईट बातमी आणली की त्या म्हणायच्या, "बरं. मग काय करायचं आपण?" वर्गाचा पत्रा उडाला, मग काय करायचं आपण. पोराला पाढे येत नाहीत, मग काय करायचं आपण. अहो, माणसाला घटकाभर हळहळू तरी द्यावं की नाही. पण बाईंकडे तेवढी उसंत नव्हती.

ईश्वरी त्यांच्या वर्गातली, सहावीत. हुशार, अक्षर मोत्यासारखं, बोलायला कमी. तिच्या घरची चंद्री नावाची जर्सी गाय जानेवारीत फुगली. दोन दिवस खाणंपिणं बंद, तिसऱ्या दिवशी गेली. जनावरांचे डॉक्टर आले होते, त्यांनी पोट उघडून बघायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत पोरं धावत आली आणि बाईंना ओढून घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो.

पोटातून पोहऱ्याएवढा गोळा निघाला. पिशव्या, पत्रावळींचे चकचकीत तुकडे आणि ते पातळ डिस्पोजल ग्लास, सगळं एकमेकांत गुंतून घट्ट झालेलं. त्यातला एक ग्लास नुसता चेपलेला होता, त्यावरची गुलाबी फुलं दिसत होती. ईश्वरी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, ह्यो आमच्याच ताईच्या साखरपुड्यातला हाय. पानी मीच वाटलं हुतं."

खरं होतं ते. साखरपुड्याची पंगत ओढ्याच्या काठाला झाली होती. उष्ट्यासकट ग्लास ओढ्यात टाकले होते. गावातलं प्रत्येक कार्य तसंच व्हायचं. बंदी आहे म्हणतात, पण ते ग्लास मिळायचे तिथे मिळतच होते. उष्ट्याच्या वासाने जनावरं ग्लासासकट खायची.

बाई ईश्वरीजवळ उकिडव्या बसल्या. मला वाटलं, आज तरी ते वाक्य म्हणणार नाहीत. म्हणाल्याच. "बरं. मग काय करायचं आपण?"

तिसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी ईश्वरी उभी राहिली. "बाई, वैशाखात ताईचं लगीन हाय. त्यात ते ग्लास नकोत."

तेव्हापासून तो अख्ख्या वर्गाचा ध्यास झाला. मंडपवाल्याकडे पूर्वी स्टीलचे ग्लास भाड्याने मिळायचे, पण धुवायला माणसं मिळेनात म्हणून त्याने ते बंद केले होते. पोरं म्हणाली, आम्ही धुऊ. मग ग्लास कुठून आणायचे? घरटी एक मागू. पोरं गावभर फिरली. बायका म्हणाल्या, "एक दिला की सेट मोडतो ना." दोन दिवसांत ओंजळभर ग्लास जमले, तेही पोचे आलेले.

तेव्हा बाईंना एक सुचलं. त्या वर्गात सांगत होत्या आणि मी शेजारच्या वर्गातून ऐकत होतो. "आमच्या चर्चमधली जेवणाची भांडी आहेत ना, प्रत्येकावर कुणाचं तरी नाव आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने घरचे भांडं देतात. माझ्या आईचं ताट आहे तिथे. कधीकधी जेवताना नेमकं तेच माझ्या वाट्याला येतं. इतकं बरं वाटतं, लेकरांनो." गावात सांगा, त्या म्हणाल्या, तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावाने एक ग्लास द्या.

माझ्या त्याच क्षणी ध्यानात आलं. हे ग्लास लग्नात कुणी तोंडाला लावणार नाही. आमच्याकडे मांडवात पाण्याच्या भांड्यावर 'कै.' कोण खपवून घेईल? बाईंना ते कळायचं कारण नव्हतं. त्या वाढल्या तिथे गेलेल्यांच्या नावाचा विटाळ नव्हता. पोरं लहान होती. मला कळत होतं, आणि भिंतीच्या अलीकडून एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी बोललो नाही. का बोललो नाही, याला काही कारण नाही. बोलावंसं वाटलं नाही, बस.

गेलेल्याच्या नावाने म्हटल्यावर ग्लासांचा पूर आला. कुणी बापाच्या, कुणी आज्जीच्या, एकाने तर बैलाच्याही नावाने आणला. बाईंनी पारनेरच्या भांडेवाल्याकडून नावं टाकायचं मशीन दोन दिवसांसाठी मागून आणलं. शाळेच्या ओट्यावर पोरं पाळीपाळीने बसली आणि दिवसभर किर्र आवाज चालू राहिला. ईश्वरीच्या अक्षरातली नावं सगळ्यांत सुंदर आली. बाईंनी मला हळूच विचारलं, "सर, मॅडमच्या नावाचा एक?" मी दुसऱ्या दिवशी घरून ग्लास आणून दिला.

पहिलं कार्य आलं ते एका म्हाताऱ्याच्या दहाव्याचं. पोरं ग्लास घेऊन हजर. टँकरच्या नळाखाली घासायची, विसळायची, पुन्हा भरून द्यायची. लोकांनी नावं वाचली आणि दहाव्याचा रंगच बदलला. कुणी म्हणतंय, "ह्यो बग, तात्या." कुणी ग्लास हातात धरून नुसतंच बसलंय. एक आजी तर अडूनच बसली. "आमच्या मालकाचा ग्लास शोधून द्या. मी दुसऱ्याच्या मानसाचं पानी पिनार न्हाई." पोरांनी सगळे ग्लास उलथेपालथे करून मालकाचा ग्लास काढला. आजी प्यायली आणि पदराने ग्लास पुसून परत दिला. बाई लांब उभ्या राहून बघत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या.

फिरता फिरता सुनंदाचा ग्लास माझ्या हातात आला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. पाणी गार होतं. मी प्यायलो.

उन्हाळ्यापर्यंत गावात प्रत्येक दहाव्याला शाळेचे ग्लास जाऊ लागले. नावच पडलं, दहाव्याचे ग्लास. ते नाव ऐकल्यावरही मी गप्प राहिलो.

लग्न वैशाखात, भर उन्हात. ईश्वरीने घरी हट्ट करून डिस्पोजल आणू दिले नव्हते. नवी ओढणी घेऊन ती आणि तिचा वर्ग पाण्याच्या टेबलापाशी उभा. वऱ्हाड श्रीगोंद्याकडचं. अक्षता पडल्या, पंगत बसली, ईश्वरीने स्वतः नवरदेवाच्या आत्याबाईंना पाणी दिलं. आत्याबाईंनी ग्लास डोळ्यांजवळ नेला, वाचला आणि जमिनीवर ठेवून दिला. "ह्ये काय? मेल्याल्या मानसांच्या नावानं पानी पाजताय व्हय आमच्या पोराला?"

पंगतीतले दहा-बारा जण आपापले ग्लास वाचायला लागले. कै., कै., कै. आवाज चढले. गावातल्याच कुणीतरी वरून सांगितलं, "दहाव्याचे हायेत ते." झालं. ईश्वरीच्या वडिलांनी हात जोडले, माणूस मोटरसायकलवर पळाला, आणि पंधरा मिनिटांत गुलाबी फुलांच्या ग्लासांची खोकी मांडवात आली. वडील ईश्वरीकडे बघून एवढंच म्हणाले, "उचल ते."

पोरांनी ग्लास गोळा केले. मी टँकरच्या मागे गेलो तेव्हा ईश्वरी तिथे खाली बसून ग्लास धूत होती. त्यात कुणी पाणी प्यायलंही नव्हतं. ती ते राखेने घासत होती, एक झाला की दुसरा. शेजारी बाई बसून विसळत होत्या. माझ्याकडे वर न बघता त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं का, असं होईल म्हणून?"

"हो," मी म्हणालो.

बाईंचा हात थांबला. "तुमचं दुःख मोठं आहे, सर. मी नाही म्हणत नाही. पण ते या पोरीने का भरून द्यायचं?"

मला त्या एवढंच बोलल्या. एवढ्या ओळखीत एकदाच. मी घरी गेलो आणि जेवलो. शरम वाटायला हवी होती ती पुष्कळ दिवसांनी वाटली, पण वाटली.

जूनमध्ये शाळा भरली. ईश्वरी सातवीत आली ती मान खाली घालूनच. घरी तिला सगळे बोलले होते, सासरहून ताईलाही टोमणे येत होते. ग्लास दोन गोण्यांत कोपऱ्यात पडले होते. मला वाटलं, संपलं हे आता. आठवडाभर बाईंनी विषय काढला नाही. मग एका सकाळी ईश्वरीच्या बाकावर पेरूची फोड ठेवून त्यांनी विचारलं, "मग काय करायचं आपण?"

ईश्वरी फोडीकडे बघत म्हणाली, "जित्या मानसांची नावं टाकू, बाई. लग्नाला जित्यांचे, दहाव्याला गेल्याल्यांचे."

ऐकायला सोपं होतं. पण गावात एव्हाना बसलं होतं की त्या ग्लासावर नाव चढलं की तो माणूस गेलेल्यांच्या रांगेत गेला. पोरं ज्याच्याकडे जातील तो म्हणायचा, "मी काय मेलोय व्हय?" ईश्वरीच्या आईनेच तिला दारात सुनावलं. "माझ्या लेकराचं नाव त्या ग्लासावर टाकायचं न्हाई. सांगून ठिवते." एक ग्लास मिळेना.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. सगळा गाव पटांगणात होता. बाईंनी पिशवीतून नवा कोरा ग्लास काढला. त्यावर ईश्वरीच्या अक्षरात नाव होतं, मार्था पाटोळे. पुढे कै. नाही, काही नाही. त्यांनी तो पोरांकडून भरून घेतला, सगळ्यांसमोर घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे पहिलं नाव. मला काही झालं तर ग्लासाला नावं ठेवा. नाही झालं तर तुमची द्या."

मग दामू अण्णा काठी टेकत पुढे आले. ऐंशीच्या पुढचे, गावातले सगळ्यांत वडील. "माझं टाक गं पोरी दुसरं. मी कवाचा तयार हाय. घिऊन जायाचं तर जाऊ दे." लोक हसले. तिसरं माझं टाकलं. मला कुणी विचारलं नव्हतं, मी आपण होऊन म्हणालो. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. अख्ख्या गावाचं बाईंच्या तब्येतीवर लक्ष. बाई खोकल्या की बायकांचे कान टवकारायचे. स्कूटीला उशीर झाला की पारावरची माणसं रस्त्याकडे बघायची. "आज बाई जरा सुकल्यावानी दिसत्यात," असं कुणी म्हणालं की शाळेत दूध यायचं. बाई हसायच्या. "सर, एवढी काळजी माझ्या सासूने कधी घेतली नाही." दिवाळी गेली, संक्रांत गेली, बाई ठणठणीत. अण्णाही ठणठणीत, उलट चार ठिकाणी जेवून यायचे. मग हळूहळू ग्लास आले. आधी म्हाताऱ्यांचे, मग सरपंचांचा, मग कुणाच्या बारशाला तान्ह्या पोराच्या नावाचा. बाईंनी दोन पत्र्याच्या पेट्या केल्या, एक दहाव्याची, एक लग्नाची.

पुढच्या वैशाखात लग्नाची पेटी पहिल्यांदा मांडवात गेली. पाहुण्यांनी ग्लास घेतले, नावं वाचली, कुणाचा कोण म्हणून विचारलं आणि प्यायले. एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कुणी शाल दिली नाही. ईश्वरी सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती, ती वाढप्यांच्या मागे ग्लास गोळा करत धावत होती. त्या वर्षी ओढ्यात ग्लास दिसले नाहीत. पिशव्या होत्या, त्यांचं काही जमलं नव्हतं. पण ग्लास नव्हते, आणि गावात गाय फुगली नाही.

श्रावण संपता संपता एका दुपारी बाईंनी मला शाळेमागच्या कडुनिंबाखाली बोलावलं. म्हणाल्या, "सर, नगरला तपासण्या केल्या. पोटात आहे. पसरलंय." चष्मा पुसत सांगत होत्या, वेळापत्रकात बदल झाल्यासारखं. माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य गेलं. "मग काय करायचं आपण?"

बाईंना हसू आलं. "तेच सांगायला बोलावलंय. त्या ग्लासांत पहिलं नाव माझं आहे. मी गेले असं कळलं की हे लोक काय म्हणतील? ग्लासाने नेलं. मीच भर सभेत बोलून बसलेय ना तसं. सगळे आपापली नावं परत मागतील आणि त्या पोरीची मान पुन्हा खाली जाईल. ते व्हायला नको." त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मुदतीआधी निवृत्ती घ्यायची, पुण्याला मुलाकडे चालले म्हणून सांगायचं, आणि राहायचं भिंगारलाच. गावात कुणाला कळू द्यायचं नाही. "एवढं तुम्ही सांभाळायचं, सर. तुम्हाला गप्प बसता येतं."

हे त्या टोमणा म्हणून म्हणाल्या की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी हो म्हणालो.

निरोप समारंभाला गाव लोटलं. "नातू व्हनार हाय जनू," बायका आपसात म्हणत होत्या. बाईंनी कुणाला दुरुस्त केलं नाही. साडी सैल झाली होती ती त्यांनी पिन लावून नीट बसवली होती. दुपारभर त्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या, प्रत्येकाचं नाव घेऊन बोलल्या. ईश्वरी रडली तेव्हा म्हणाल्या, "पेट्यांना गंज चढू देऊ नकोस." स्कूटी एका पोराने वळवून दिली आणि बाई भिंगारच्या रस्त्याला लागल्या.

पुढचे सहा महिने मी महिन्यातून दोनदा भिंगारला जायचो. शाळेत सांगायचो, बँकेचं काम. शेवटी त्यांना नगरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा अंगावरच्या पांघरुणाखाली माणूस आहे की नाही असं वाटत होतं. चष्मा गळ्यात तसाच. खाटेच्या कडेला पत्र्याची पट्टी होती, तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, "वाचा." कुणाच्या तरी स्मरणार्थ ती खाट दिलेली होती. "नर्सला विचारलं कोण होते म्हणून. तिलाही माहीत नाही. जरा चौकशी करा ना." मी चौकशी करायला बाहेर गेलो. ऑफिसातल्या माणसाने वहीत शोधलं, सापडलं नाही. परत आलो तेव्हा बाई झोपल्या होत्या. मी थोडा वेळ बसलो आणि गाडीच्या वेळेला निघालो. जिवंत बघितलं ते एवढंच.

माती भिंगारला झाली. मुलाने आईचं ऐकलं, फलक लावला नाही, मोबाईलवर कुठे फोटो टाकला नाही. चर्चमधली पन्नासेक माणसं आणि मी. मूठभर माती टाकली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन हजेरी घेतली. मला काही वाटत नव्हतं. वाटून घ्यायला जागाच नव्हती, कारण वाटलं असतं तर तोंडावर दिसलं असतं.

पंधरा दिवसांनी ईश्वरी हायस्कूलच्या गणवेशात शाळेत आली. "सर, बाईंचा फोन लागंना."

"नंबर बदलला त्यांनी," मी म्हणालो.

"बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत."

तिने लग्नाच्या पेटीचं झाकण उघडून बघितलं आणि ती गेली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. तिनेच नाही, गावात कुणीच नाही. आधी रस्त्याने जाता-येता बाया विचारायच्या, बाई कशा हायेत, कधी येनार. ते सगळं बंद झालं. ग्लास मात्र प्रत्येक कार्याला जायचे, बाईंचाही जायचा, लोक त्यात पाणी प्यायचे. मला गावाचा राग यायचा. मनात म्हणायचो, बघा, दीड वर्षात विसरली माणसं. ज्यांनी बाईंच्या खोकल्यावर कान ठेवले त्यांना त्यांचं नावही आठवेना. या रागाखेरीज मला त्या काळात दुसरं काही वाटल्याचं आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यात दामू अण्णा गेले. नव्वदीला टेकले होते, झोपेतच गेले. ग्लासांच्या जित्या नावांतलं गावाच्या हिशेबी पहिलं गेलेलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दहाव्याला सगळं गाव आलं. पोरांनी अण्णांच्या मुलाला विचारलं, ग्लासावर कै. टाकून दहाव्याच्या पेटीत ठेवायचा का. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या लग्नाच्याच पेटीत. अण्णाला लग्नं लई आवडायची." लोक हसले आणि पाणी प्यायले. ग्लासाला कुणी बोल लावला नाही.

मग मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. प्रवचन झाल्यावर मी उठलो आणि म्हणालो, "एक सांगायचं राहिलंय. पाटोळे बाई वारल्या. दीड वर्ष होऊन गेलं. पुण्याला नाही, भिंगारला."

कुणी दचकलं नाही. कुणी अगंबाई म्हणालं नाही. माणसं खाली बघत होती. ईश्वरीची आई बायकांतून उठून पुढे आली. ही तीच बाई, जिने लेकीचं नाव ग्लासावर टाकू दिलं नव्हतं.

"आमाला ठावं हाय, सर," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. आमचे मालक टेम्पो घिऊन नगरला गेल्ते. भिंगारात माती चालल्याली दिसली, आन त्यात तुमी दिसले. उतरून इचारलं त्यांनी." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "अण्णानं सगळ्यांला सांगितलं, बाईचं नाव कुनी काढायचं न्हाई. पोरांचं काम बुडंल. आदी मला जाऊ द्या, म्हनले, माझं वयच झालंय, ग्लासाला कोन बोल लावनार. मंग बोला."

मी ईश्वरीकडे बघितलं. ती रडत होती, पण तिलाही हे नवीन नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"ईश्वरी येकदा इचारून आली. तुमी सांगंना, म्हून आमी बी फिरून इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी येकलेच येवडं धरून बसल्याले. आमाला कळत का न्हवतं?"

मी तिथेच दहाव्याच्या ओट्यावर बसलो आणि सगळ्या गावासमोर रडलो.